जमिनीखालचें पाणी आणि गरिबाचा संसार

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या आमच्या भाषणाचा विषय पाणी हा आहे. पण नदीचें नव्हे, धरणाचें नव्हे, पाटाचेंही नव्हे. जें पाणी डोळ्यांस दिसत नाहीं, जें आपल्या पायांखालीं खडकाच्या फटींत भरून राहिलेलें असतें, आणि ज्याच्या जोरावर आपली ज्वारी, आपला कांदा, आपलीं गुरें आणि आपल्या चुली चालतात, त्या पाण्याविषयीं आम्ही बोलणार आहों. ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार’ ही म्हण आपण रोज बोलतों. परंतु आडांत आहे किती, तें आलें कोठून, आणि नेलें कोणी, हें मोजून पाहण्याची चाल मात्र आपल्यांत नाहीं. ज्यांना मोजतां येतें ते आपला वांटा घेऊन मोकळे होतात, आणि ज्यांना येत नाहीं ते नशिबाला बोल लावीत बसतात. हा नशिबाचा घोळ मोडावा एवढ्यासाठींच हें बोलणें आहे.

प्रथम हें पाणी किती मोठ्या कामाचें आहे तें पाहा. २०१७-१८ सालच्या लघुसिंचन गणनेंत सबंध देशांत विहिरी व कूपनलिका मिळून सुमारें २ कोटी १९ लाख भरल्या. साऱ्या जगांत जमिनीखालून जेवढें पाणी उपसलें जातें, त्याचा सुमारें चौथा हिस्सा एकटा आपला देश उपसतो. अमेरिका आणि चीन या दोघांची बेरीज केली तरी ती आपल्याहून कमी भरते. देशांतील भिजणाऱ्या शेतीपैकीं निम्म्याहून पुष्कळ अधिक शेती विहिरींवर व बोअरवर भिजते, आणि खेड्यांतलें पिण्याचें पाणी तर बहुतेक सारें जमिनीखालूनच येतें. धरणांचे उद्‌घाटन होतें, दगड बसतात, हार पडतात; विहिरीचें उद्‌घाटन कोणी करीत नाहीं. तरी देशाचें पोट भरण्याचें मोठें काम या मुक्या विहिरींनींच केलें आहे.

आणि हें पाणी विशेषेंकरून गरिबाचें पाणी आहे. पाटाचें पाणी उतार पाहून जातें आणि वजनदार माणसाचें तोंड पाहून वळतें. पाटाच्या शेपटाला ज्याचें शेत, त्याच्या वांट्याला कोरडी चारी. विहीर मात्र ज्याचें दोन एकर रान आहे तोही खणूं शकतो. तिला मोजणीदाराची मेहेरबानी लागत नाहीं, पाळीची वाट पाहावी लागत नाहीं. पीक वाळूं लागलें त्याच दिवशीं पाणी देतां येतें. पावसानें दगा दिला तरी एकदोन भिजवण्या मिळाल्या म्हणजे पीक हातीं लागतें, सावकाराच्या दारीं जाणें टळतें, पोराची शाळा सुटत नाहीं. ज्या वर्षीं विहीर आटते, त्या वर्षीं ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्यांत गांवचीं किती बिऱ्हाडें वाढतात, हें तुम्हांला आम्हीं सांगावयास नको.

ही गोष्ट नुसत्या अनुभवाची नाहीं. ती मोजूनही पाहिली गेली आहे. जमिनीवर बसविलेला साधा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. हवेचा दाब पाण्याचा स्तंभ फार तर दहा मीटर उचलतो, आणि पंपांतली गळती वगैरे धरतां व्यवहारांत आठ मीटरांच्या खालचें पाणी अशा पंपाला येत नाहीं. पाणी त्याखालीं गेलें कीं पाण्यांत बुडवावयाची मोटर पाहिजे, तिला नळ्या, तारा, जास्त वीज, आणि या सर्वांना जास्त पैसा पाहिजे. शीतल सेखरी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनीं आपल्या देशांतील खेड्यांच्या आंकड्यांवरून २०१४ सालीं दाखवून दिलें कीं, पाण्याची पातळी या आठ मीटरांच्या रेषेखालीं गेली म्हणजे त्या ठिकाणचें दारिद्र्य शेंकडा सुमारें ११ नीं वाढलेलें दिसतें, आणि पाण्यावरून होणारे तंटेही वाढतात. रेषेच्या वर गरीब व श्रीमंत दोघांचाही पोहरा पाण्याला पोंचतो. रेषेच्या खालीं फक्त पैसेवाल्याचा. पाणी तेंच, गांव तेंच. पण चार हात पातळी उतरली कीं एकाचा मळा राहतो व दुसऱ्याचें माळरान होतें.

आतां आपल्या दख्खनच्या जमिनीचें पोट कसें आहे तें पाहूं. महाराष्ट्राची शेंकडा ८० हून अधिक भूमि काळ्या कातळाची आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं धरणी फाटून तप्त रस बाहेर पडला, तो पसरला, निवला, त्यावर पुन्हां दुसरा थर आला. अशा थरांवर थर बसून हें पठार झालें. डोंगराच्या कड्याला ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. विहीर खोदणारे आपले वडारबंधु हे थर पुस्तक न वाचतां ओळखतात. वर माती, तिच्या खालीं मुरूम, मग भोकांभोकांचा मांजऱ्या, मधून तांबडा गेरू, आणि मग घण मारला तर घण उडेल असा काळा पाषाण. शास्त्रज्ञही हेंच सांगतात. फरक इतकाच कीं तो थर किती जाड आहे, कोणीकडे उतरला आहे, आणि त्यांत पाणी किती मावतें, हें ते मोजतात.

मावतें किती? इथेंच आपली मोठी फसगत होते. पुष्कळांची समजूत अशी कीं, जमिनीखालीं समुद्र आहे किंवा नद्या वाहत आहेत, आणि खोल गेलें कीं त्या लागतात. बाबांनो, आपल्या खडकाखालीं समुद्र नाहीं. पाणी राहतें तें मुरमांत, मांजऱ्याच्या भोकांत आणि कातळाच्या भेगांत. आणि बहुतेक सारें वरच्या पंधरावीस मीटरांत. या थराच्या शंभर भागांत मोकळें होणारें पाणी एक ते तीन भागच असतें. दोन भाग धरले, तर एक एकर रानाखालीं पातळी एक मीटर उतरली म्हणजे सुमारें ८० हजार लिटर पाणी गेलें असें समजावें. गंगेच्या कांठच्या वाळूंत तितक्याच उतारानें याच्या पांचसहा पट पाणी मिळतें. म्हणून तिकडची विहीर हळूहळू उतरते. आपली विहीर दिवाळीला कांठोकांठ असते व होळीला तळ दाखविते. आपलें पोट लहान आहे, दरवर्षीं भरतें आणि दरवर्षीं रितें होतें. लहान पोटाच्या माणसानें कसें खावें, हा शहाणपणाचा प्रश्न आहे, दैवाचा नाहीं.

पाणी कोठें लागेल हें सांगणारा पाणाड्या आपल्याकडे पूर्वापार आहे. कोणी हातावर नारळ उभा करतो, कोणी दुबेळकी काठी फिरवितो, कोणी अंगारा टाकतो. त्यांतले कांहीं लोक झाडोरा, उतार, वारुळें व शेजारच्या विहिरी पाहून अंदाज बांधतात, त्यांच्या अनुभवाचा आम्ही मान ठेवतों. पण नारळाला खडक दिसत नाहीं. पावसाळ्यानंतर मुरमाच्या रानांत कोठेंही खणलें तरी थोडेंबहुत पाणी लागतेंच; लागलें तर पाणाड्याचें यश, न लागलें तर शेतकऱ्याचें पाप! लागलेल्या विहिरीची कीर्ति दहा गांवीं जाते, आणि फसलेल्या बोअरचें कर्ज एकट्या घरांत राहतें. ज्या विद्येचीं फसलेलीं उदाहरणें कोणी मोजीत नाहीं, तिला विद्या म्हणणें धाडसाचें आहे.

जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सरकारला काय सुचविलें होतें तें आठवा. हुशार पाणाड्यांकडून राज्यांतली सारी जमीन तपासावी, चांगलें मोटेचें पाणी लागेल अशा जागांच्या खुणा गांवोगांवच्या नकाशांत कराव्या, आणि जो शेतकरी विहीर खणील त्याला उत्तेजन द्यावें, असा त्यांचा आशय आहे. वळवाचें पाणी शेतांत मुरून मग नदीनाल्यास मिळावें म्हणून ठिकठिकाणीं तालीबंधारे घालावे, असेंही त्यांनीं सांगितलें. म्हणजे जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा प्रत्येक खेड्याला मिळावा, ही मागणी शेतकऱ्याच्या कैवाऱ्यानें एकशेंचाळीस वर्षांपूर्वींच केली होती. विहीर कोठें खणावी हें ज्ञान फुकट व सर्वांस मिळावें, तें एकाच्या कनवटीला असूं नये, हें त्यांतलें मर्म आहे.

हें काम पुढें झालें काय? झालें, पण अर्धें. केंद्रीय भूजल मंडळ १९७० सालीं झालें, आणि महाराष्ट्र सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ सालीं उभी राहिली. या यंत्रणेनें राज्याचे सुमारें दीड हजार पाणलोट पाडले आहेत, आणि साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजली जाते. या मोजण्याच्या रीती कांहीं जादूच्या नाहींत. जमिनींत खुंट्या ठोकून वीज सोडतात. ओला, भेगाळलेला खडक वीज सहज जाऊं देतो व कोरडा पाषाण अडवितो, त्यावरून आंतले थर कळतात. विहिरीवर उपसा चांचणी करतात: पाणी अमुक वेळ उपसावयाचें, मग मोटर बंद करून पाणी किती वेळांत किती चढतें तें पाहावयाचें, त्यावरून झऱ्याची ताकद कळते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ट्रिटियम नांवाचें द्रव्य मातींत सोडून, पावसाळ्यानंतर तें किती खालीं गेलें हें पाहिलें व त्यावरून पाऊस किती मुरतो याचा हिशेब काढला. आपल्या खडकांत पावसाच्या शंभर भागांपैकीं साधारण सात ते तेरा भागच खोल मुरतात, असें सरकारी मोजमापांत धरतात.

या विद्येनें गरिबांचें प्रत्यक्ष हित कसें झालें याचें एक उदाहरण आपल्याच मुलखांतलें आहे. १९७२ च्या दुष्काळांत हजारों गांवांचे आड आटले. त्या काळीं कातळांत जलद भोंक पाडणारीं यंत्रें आलीं. पण बोअर घेऊन भागत नव्हतें, कारण त्यावरचे बिडाचे हातपंप चार दिवसांत मोडत. जालना आणि सोलापूर येथील कारखान्यांत खेड्याच्या दणक्याला टिकेल असा पोलादी हातपंप घडविण्याचे प्रयत्न झाले. सोलापूरच्या त्या पंपावरून, पुढें युनिसेफ व सरकार यांच्या साहाय्यानें, ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप तयार झाला. आज तो आफ्रिकेंतील कित्येक देशांच्या खेड्यांत पाणी देतो. जमिनीच्या पोटाची परीक्षा करणारा शास्त्रज्ञ आणि लोखंड घडविणारा कारागीर यांनीं एकमेकांचा हात धरला, तेव्हां कोट्यवधि बायकांच्या डोईवरचा हंडा हलका झाला.

आफ्रिकेची गोष्ट निघाली म्हणून तीही थोडी सांगतों. २०१२ सालीं ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या व लंडनच्या शास्त्रज्ञांनीं त्या खंडाच्या भूजलाचा पहिला सबंध नकाशा केला. तेथें सुमारें ६ लाख ६० हजार घन किलोमीटर पाणी जमिनीखालीं सांठलेलें आहे असा त्यांचा अंदाज आहे. पण बहुतेक ठिकाणीं तें हातपंपाला पुरेल इतकेंच सुटतें, मोठ्या बागाईताला नाहीं. म्हणजे तेथेंही धडा तोच: पाणी आहे, पण कोठें, किती व कोणाच्या कामाचें, हें जाणल्यावांचून पैसा ओतला तर तो खडकांत जातो.

आतां आपल्याकडे काय चाललें आहे तें स्पष्ट बोलूं. ज्ञान अर्धें राहिलें, पण यंत्र पुरें आलें. एकानें शंभर फूट बोअर घेतलें, शेजाऱ्यानें तीनशें घेतलें, तिसऱ्यानें सहाशें. वरच्या थरांतलें जें पाणी दहा विहिरींना मिळत होतें तें खोल भोंकांतून खालीं झिरपलें व एका मोटरीनें वर ओढलें. नऊ विहिरी कोरड्या पडल्या, आणि त्या नऊ घरांनीं पुन्हां कर्ज काढून बोअर घेतले. त्यांतले किती फसले? जो फसला त्यानें वर्षांत दुसरा घेतला, कारण आधींचें कर्ज फेडावयाचें तर पाणीच पाहिजे. बळी तो कान पिळी, हा न्याय आतां जमिनीखालींही लागू झाला आहे. आणि शेवटीं बळीही जिंकत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. आडांतच नव्हतें, मग मोटर कितीही मोठी असो, पोहऱ्यांत येणार कोठून?

दुसरी गोष्ट शेततळ्यांची. पावसाचें वाहून जाणारें पाणी अडवावें म्हणून सरकारनें शेततळ्यांना अनुदान दिलें, हेतु चांगला. पण पुष्कळ ठिकाणीं त्यांत प्लॅस्टिकचा कागद घातला गेला, आणि तळें पावसानें न भरतां विहिरीच्या व बोअरच्या पाण्यानें भरलें जाऊं लागलें. जें पाणी खडकाच्या सावलींत सर्वांचें म्हणून सांठलेलें होतें, तें वर काढून एकाच्या कुंपणांत ठेवलें; कांहीं उन्हानें उडालें, आणि राहिलें तें एकाच्या फळबागेचें झालें. ही पाणी सांठविण्याची नव्हे, तर पाणी आधीं पळविण्याची शर्यत आहे. ज्याला मोठें तळें खोदण्याची ऐपत, तो पहिला.

तिसरी गोष्ट बंधाऱ्यांची. खालीं भेगाळलेला मुरूम किंवा मांजऱ्या असला तर पाझर तलावाचें पाणी विहिरींना उतरतें. खालीं अखंड पाषाण असला तर तें नुसतें उन्हांत तापत राहतें, आणि गाळ बसूं दिला तर चांगला तलावही आंधळा होतो. खानदेशांत शिरपूरकडे नाले खोल करून मोठें पाणी मुरविलें, त्याची वाहवा झाली; पण तापीच्या कांठीं गाळाची व वाळूची जमीन आहे. तोच नमुना काळ्या कातळावर तसाच उतरविला, आणि पाणी धरणारा थरच यंत्रानें खरवडून काढला, तर नाला खोल होईल आणि विहिरी रित्या होतील. म्हणून म्हणतों, खोदण्याआधीं खडक पाहा. खडक न पाहतां केलेलें काम ठेकेदाराच्या कामाचें, गांवाच्या नव्हे.

कोणी म्हणेल, ‘माझें रान, माझें पाणी, त्यांत गांवाचा काय संबंध?’ कायद्यानेंही बराच काळ असेंच मानलें. १८८२ सालच्या सुविधाधिकारांच्या कायद्यानें जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचें, ठराविक प्रवाह नसलेलें पाणी गोळा करून वापरण्याचा हक्क मानला. पण पाण्याला सातबारा वाचतां येत नाहीं. तुमच्या बांधाखालून तें शेजाऱ्याकडे जातें, शेजाऱ्याचें तुमच्याकडे येतें. आणि ज्याला रानच नाहीं त्या मजुराला व कारागिराला या न्यायानें पाण्याचा थेंबही मिळावयाचा नाहीं! महाराष्ट्रानें १९९३ सालीं कायदा करून पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यावर बंधन घातलें; पुढें २००९ सालीं भूजलाचा मोठा कायदा मंजूर केला, तो २०१४ सालीं अमलांत आला, आणि त्यांत ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध घातले. कायदा कागदावर चांगला आहे. पण ज्या गांवाला आपलें पाणी किती हेंच ठाऊक नाहीं, तेथें कायदा कोण चालविणार?

१८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य बंधूंना खुला केला. १९२७ सालीं महाडास बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन माणुसकीचा हक्क बजावला. तीं पाणी दिसणारीं होतीं, तेथला पहारा दिसणारा होता. आजचें पाणी दिसत नाहीं, आणि त्याच्यावरचा पहाराही दिसत नाहीं. तो खोलीचा आणि पैशाचा पहारा आहे. म्हणून तें मोजून उजेडांत आणणें हें हक्काचेंच काम आहे.

तें होऊं शकतें, हें दाखविणारीं गांवें आपल्याकडे आहेत. नगर जिल्ह्यांतलें हिवरे बाजार हें थोड्या पावसाचें गांव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, १९९० च्या सुमारापासून, गांवानें डोंगरावर चर खणले, झाडें राखलीं, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे शेतीसाठीं बोअर बंद केले व उसाला आणि केळीला नकार दिला. पावसाळा संपला कीं ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते, आणि त्यावर कोणतीं पिकें घ्यावीं हें ठरतें. सातारा जिल्ह्यांतील रणदुल्लाबादनें खडकाचा अभ्यास करवून घेतला, बोअरला बंदी केली, व विहिरी सामाईक वापरण्याची जुनी रीत राखली. आंध्र प्रदेशांत २००३ नंतर शेंकडों गांवांच्या शेतकऱ्यांनीं, बायकांसुद्धां, पाऊस व विहिरींची पातळी स्वतः मोजून पिकांचा हिशेब बसविला. आणि पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तिचा नियम तर सोन्याच्या अक्षरांनीं लिहावा असा आहे: पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, घरांतल्या माणसांच्या मानानें, माणशीं अर्ध्या एकराचें, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांचें, भूमिहीनालाही वांटा, आणि ऊस नाहीं.

ऊस नाहीं म्हटल्यावर कांहीं मंडळी रागावतील. म्हणून हिशेबच करून दाखवितों. समजा, एका गांवचें १,००० एकर रान आहे व पाऊस ५०० मिलिमीटर पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ४ हजार लिटर. शंभरांत दहा भाग मुरलें असें धरलें, तर एकरीं २ लाख, आणि सबंध गांवाचें २० कोटी लिटर झालें. गांवांत १,५०० माणसें आहेत. माणशीं रोज ५५ लिटर धरलें तर वर्षाला ३ कोटी लिटर. ६०० गुरांना रोजचें ५० लिटरप्रमाणें आणखी १ कोटी १० लाख. ओढ्याला आपोआप झिरपून जाणारें सुमारें ३ कोटी ९० लाख सोडून द्या. शेतीला उरले १२ कोटी लिटर. आतां या बारा कोटींत रब्बी ज्वारीला दोन भिजवण्या द्यावयाच्या, तर २५० एकर भिजतात. गहूं केला तर ८५ एकर. आणि ऊस केला, तर पावसाचा वांटा वजा जातां त्याला आणखी दीड हजार मिलिमीटर पाणी पाहिजे. म्हणून फक्त २० एकर! ठिबक लावल्यास थोडें वाढेल, दिलेल्या पाण्यापैकीं थोडें परत मुरेल, हें आम्हांस मान्य आहे. पण प्रमाण पालटत नाहीं. अडीचशें एकर म्हणजे शंभर घरांच्या चुली. वीस एकर म्हणजे एखाददुसऱ्या वाड्याचा ऊस. आंकडे तुमच्या गांवाचे निराळे असतील, रीत हीच आहे. हा हिशेब चौथी शिकलेला मुलगा करूं शकतो. आणि तो आपण केला नाहीं, तर दुसरा कोणी आपल्यासाठीं करणार नाहीं.

यांत कारागिरांचें काय, असें कोणी विचारील. कुंभाराची माती, कोष्ट्याचें सूत, परटाचा घाट, कातडें कमावणाऱ्याचें कुंड, बुरुडाचा भिजविलेला बांबू, गवंड्याचा चुना, यांतलें कोणतें पाण्यावांचून चालतें? शिवाय गांवचें पीक बुडालें कीं कारागिराचें बलुतें आणि गिऱ्हाईक दोन्ही बुडतात. पूर्वीं मोट चालत होती तेव्हां सुताराचें चाक, लोहाराचें कडें आणि चांभाराचें कातडें विहिरीवर पोट भरीत होतें. आज मोटरीचा काळ आहे. तर पंप दुरुस्त करणें, पातळी मोजणें, बंधाऱ्याचा गाळ काढणें, बुजलेल्या विहिरी साफ करणें, हें काम शिकून गांवच्या पोरांनीं हातीं घ्यावें, आणि ग्रामपंचायतीनें त्याचे दाम द्यावे. आणि बायकांना या हिशेबांत पुढें बसवा. कोणत्या महिन्यांत कोणता आड तळ दाखवितो, हें ज्यांच्या डोईवर हंडा असतो त्यांना पुरुषांहून चांगलें ठाऊक असतें.

तर मंडळी, करावयाचें काय तें थोडक्यांत सांगून हें बोलणें संपवितों. एक दोरी घ्या, तिला हातहातावर गांठी मारा, टोकाला दगड बांधा. गांवांतल्या वरच्या, मधल्या व खालच्या अशा दहा विहिरी ठरवा, आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या चार महिन्यांत त्यांची पातळी मोजून शाळेच्या भिंतीवर लिहा. पाऊस मोजण्याचें भांडें शाळेंत ठेवा व मास्तरांच्या देखरेखीखालीं मुलांकडून रोज मोजवा. भूजल यंत्रणेच्या जिल्हा कचेरींत गांवाचा ठराव घेऊन जा व आपल्या पाणलोटाचा नकाशा आणि अहवाल मागा. तो तुमच्याच करांतून झालेला आहे. बंधारा, तलाव, नालाखोली यांचें काम गांवांत आलें तर आधीं विचारा, ‘खालचा खडक कोणी पाहिला?’ बोअर घेण्यापूर्वीं नारळ फोडूं नका. शेजारच्या विहिरींचे थर पाहा, जाणत्या वडाराला विचारा, यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला आणा. आणि दिवाळीच्या आधीं ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडा: पहिलें पिण्याचें, दुसरें गुरांचें, तिसरें सर्वांच्या भाकरीचें, आणि उरलें तर कोणाच्या नगदी पिकाचें.

हें सारें एका वर्षांत साधणार नाहीं. पहिल्या वर्षीं लोक हसतील, दुसऱ्या वर्षीं मोठे बागाईतदार रागावतील. पण तीन वर्षांच्या गांठी भिंतीवर लागल्या म्हणजे कोणाच्या मोटरीनें कोणाची विहीर आटली, आणि कोणत्या बंधाऱ्यानें कोणतें रान वांचलें, हें आपोआप दिसूं लागेल. मग तोंडाच्या जोरावर कोणाला खोटें बोलतां येणार नाहीं. धरणीच्या पोटांतलें पाणी धरणीच्या सर्व लेंकरांचें आहे. त्याचा वांटा मागण्यापूर्वीं त्याचें माप आपल्या हातीं असूं द्या. या हंगामाचा पाऊस निघून जाण्याच्या आधीं ती पहिली गांठ मारा, एवढेंच आमचें तुमच्यापाशीं मागणें आहे.